भोपाळच्या भूमीतले विष

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून १९८४ सालच्या २ डिसेंबरच्या मध्यरात्री सुटलेला वायू हजारोंचे प्राण घेऊन वाऱ्यावर विरून गेला. त्याची वार्ता जगभर झाली. त्याच आवारात जमिनीत मुरत असलेल्या विषाची मात्र वार्ता झाली नाही.

१९६९ पासून या कारखान्याचा व्यवसाय कीटकनाशकांचा. टाकाऊ द्रव्ये आवारातील खड्ड्यांत पुरली जात आणि १९७७ पासून विषारी सांडपाणी कुंपणाबाहेरील तळ्यांत सुकावयास सोडले जाई. दर पावसाळ्यात पाणी या थरांतून झिरपे आणि क्लोरीनयुक्त द्रावके बरोबर घेऊन भूजलास मिळे. भोवतालच्या वस्त्या बहुतेक गरिबांच्या, आणि त्यांची भिस्त हातपंपावर. पाणी गढूळ असते तर कोणी सावध तरी झाले असते! २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरविण्याची आज्ञा केली.

कचरा हलवावयाचा तर न्यावा कोठे? अंकलेश्वरचा विचार झाला, तेव्हा गुजरातने नकार दिला. २०११ साली नागपूरजवळील बुटीबोरीच्या भट्टीचे नाव निघाले, तेव्हा महाराष्ट्राने विरोध केला. विमानाने जर्मनीस धाडण्याची योजनाही २०१२ मध्ये बारगळली. आपल्या दारी विष येणार म्हणून कोणी भ्यावे यात नवल नाही. पण भोपाळकरांच्या दारी ते आधीपासूनच होते.

अखेर डिसेंबर २०२४ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने चार आठवड्यांची मुदत घातली. नव्या वर्षारंभी सुमारे ३३७ टन कचरा बारा बंद मालमोटारींतून अडीचशे किलोमीटरवरील पीथमपूरला गेला. तेथेही लोक रस्त्यावर उतरले. म्हणून प्रथम दहा-दहा टनांच्या तीन चाचण्या झाल्या; ताशी १३५, मग १८०, मग २७० किलो. जूनअखेर सारा साठा जळून गेला. परंतु जळणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. सेंद्रिय विषे प्रखर उष्णतेने मोडतात. शिशासारखे धातू राखेत उरतात. त्यातच ज्वलनाच्या वेळी चुना मिसळावा लागल्याने राख मूळ कचऱ्याहून जड, ८०० टनांवर भरली. ती कोठे पुरावी, हा नवा वाद उभा राहिला.

हे सारे गोळा करून ठेवलेल्या साठ्यापुरते झाले. नागपूर व हैदराबाद येथील दोन राष्ट्रीय संशोधन संस्थांनी २०१० मध्ये आवारातील दूषित मातीचा अंदाज सुमारे ११ लाख टन दिला होता. एवढी माती मालमोटारींनी हलावयाची नाही. अशा ठिकाणी भूजल उपसून शुद्ध करावे लागते, माती अभेद्य अस्तरात बंद करावी लागते, आणि भोवतालच्या विहिरींचे पाणी वर्षानुवर्षे तपासत राहावे लागते.