परळची परवडणारी उत्तरं

१९९८ साली मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या आरोग्यसेविकांनी बायकांची स्तनतपासणी सुरू केली. त्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, खास प्रशिक्षण घेतलेल्या या बायकांचं साधन म्हणजे त्यांची बोटं. मधल्या तीन बोटांची पेरं टेकवायची, छोटी वर्तुळं काढत पुढे सरकायचं, दाब आधी हलका, मग मध्यम, मग खोल. काखही चाचपायची. काही संशयास्पद लागलं की बाईला पुढच्या तपासण्यांसाठी रुग्णालयात पाठवायचं.

पाश्चात्त्य देशांत हे काम मॅमोग्राफी करते. पण ते यंत्र महाग, चित्रं वाचणारे तज्ज्ञ मोजके. शिवाय आपल्याकडे स्तनाचा कर्करोग तुलनेने लवकर गाठतो, आणि तरुण वयात स्तनाच्या दाट ऊतींमुळे गाठ चित्रात लपते. मग नुसत्या हाताने केलेल्या तपासणीने मृत्यू टळतील का? टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नामागे वीस वर्षं घालवली. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक बायका या अभ्यासात होत्या. निष्कर्ष २०२१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आले. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले होते. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र मृत्यू घटले नाहीत, हेही संशोधकांनी तितक्याच स्पष्टपणे नोंदवलं.

टाटा मेमोरियल रुग्णालयाची सुरुवात एका घरच्या दुःखातून झाली. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला रुग्णालय उभं केलं. तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी भारतातल्या कर्करोग संशोधनाचा पाया घातला. १९६२ साली रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे आलं. देशभरातून रुग्ण इथे येतात, त्यांत उधार-उसनवारी करून आलेलेही असतात. म्हणून उपचार गुणकारी आहे का, या प्रश्नाला लागूनच इथे दुसरा प्रश्न येतो: तो या माणसांना झेपेल का?

इथल्याच डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखालचं काम याच वाटेने गेलं. शस्त्रक्रियेच्या वेळी स्तनाच्या गाठीतल्या पेशी सुटून शरीरात पसरत असतील, तर त्यांना त्याच क्षणी अडवता येईल का? त्यासाठी निवडलेलं औषध होतं लिग्नोकेन, दात काढताना हिरडीत टोचतात तेच. गाठ काढण्याच्या सात ते दहा मिनिटं आधी ते गाठीभोवती सगळ्या बाजूंनी टोचायचं, एवढीच कृती. १,६०० बायकांवरच्या या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली मांडले गेले. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेलं होतं. औषधाचा खर्च शंभर रुपयांच्या आत.

काही उत्तरं नकारार्थी आली, आणि तीही मोलाची ठरली. आजार शरीरभर पसरल्यावर स्तनातली मूळ गाठ काढून आयुष्य वाढतं का, हे ३५० बायकांवर तपासलं गेलं. वाढत नाही, असं २०१५ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त प्रसिद्ध झालं. अशा अवस्थेतल्या बाईला आयुष्य वाढवण्याच्या आशेने ऑपरेशन सोसायला लावण्याचं कारण त्यामुळे उरलं नाही.

केंद्र सरकारनेही २०१६ साली तिशीपुढच्या बायकांसाठी हाताने स्तनतपासणीचा कार्यक्रम आखला. पण २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी एकदा तरी स्तनतपासणी झालेल्या एक टक्काही निघाल्या नाहीत. ही तपासणी पन्नाशीपुढच्या प्रत्येक बाईपर्यंत पोचवायला आता गावोगावी शिकवलेल्या आरोग्यसेविका हव्यात, आणि गाठ सापडल्यावर पुढचे उपचार वेळेत देणारी रुग्णालयं जिल्ह्या-जिल्ह्यात हवीत.