शेवंतीचं अंग बाहेर आलं तेव्हा

मुलांनो, आज गोष्टीआधी एक कोडं. बदकाच्या शेपटीखाली दारं किती? एकच. विष्ठा त्याच दारानं बाहेर पडते, लघवीचा पांढरा भाग त्याच दारानं, आणि अंडंही त्याच दारानं. त्या दाराआतल्या दालनाला अवस्कर म्हणतात. मग अंडं विष्ठेनं माखून का येत नाही?

हे कोडं मी सईला घातलं. तिनं बराच विचार केला आणि म्हणाली, "आजोबा, बदक आधी पोट साफ करून घेत असेल." उत्तर हुशारीचं होतं, पण खरं नवल त्याहून मोठं आहे. अंडं ज्या नळीतून येतं तिला अंडवाहिनी म्हणतात. सदरा घाईनं काढताना बाही उलटी होऊन बाहेर येते ना, तसा या नळीचा शेवटचा भाग अंड्याबरोबर उलटा होऊन दाराबाहेर येतो. आतलं ओलसर, गुलाबी, स्वच्छ अस्तर बाहेरच्या बाजूला येतं आणि अंडं त्यातून थेट गवतावर पडतं. विष्ठेच्या वाटेला त्याचा स्पर्शही होत नाही. अंडं पडलं की स्नायू आवळतात आणि नळी आपोआप आत जाते. हे इतक्या झटकन होतं की वर्षानुवर्षं अंडी गोळा करणाऱ्यांनाही ते सहसा दिसत नाही.

आणि एखाद्या दिवशी ती नळी आत गेलीच नाही तर? आजची गोष्ट त्याचीच.

आमच्या शेजारच्या निनादकडे खाकी कॅम्पबेल जातीची एक बदकीण आहे, शेवंती. पहिल्याच मोसमाची, तरणी. एका सकाळी निनाद धावत आला. "आजोबा, शेवंतीच्या मागं काहीतरी लाल लोंबतंय!" जाऊन पाहिलं तर शेपटीखाली दीड-दोन इंचांचा लालभडक, चकचकीत, सुजलेला भाग बाहेर आलेला. त्याला भुसा चिकटलेला. बाकीची बदकं मान लांब करून त्यावर चोच मारायला टपलेली. शेजारी पडलेलं अंडं नेहमीपेक्षा चांगलंच मोठं होतं. नंतर ते फोडलं तेव्हा त्यात दोन बलक निघाले. अंडी घालायला नुकती लागलेल्या तरण्या बदकिणीत कधीकधी दोन बलक एकदम सुटतात आणि एकाच कवचात बसतात.

गाईचं वेतानंतर अंग बाहेर येतं, तुम्ही ऐकलं असेल. हे तसंच. निनाद रडवेला झाला होता. मी त्याला म्हटलं, "बाळा, आधी तिला कळपातून बाहेर काढ." पक्ष्यांना लाल ओला भाग दिसला की ते चोच मारतातच आणि मारतच राहतात. घरच्या उपचारातलं पहिलं काम म्हणून औषधाचं नाही, बदकाला वेगळं ठेवण्याचं आहे.

दुसरं काम डॉक्टरांना फोन. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर फिरतीवर होते, दुपारनंतर येणार होते. तोवर तो भाग वाळू द्यायचा नव्हता. वाळला की आतल्या पेशी मरतात आणि काळ्या पडतात. म्हणून आम्ही तिघं कामाला लागलो.

सईनं उकळून कोमट केलेल्या लिटरभर पाण्यात 9 ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्यानं साधारण दीड चमचा, मीठ विरघळवलं. एवढंच का? कारण शरीरातल्या पाण्याचा खारटपणाही जवळपास तेवढाच असतो. साधं पाणी असेल तर ते सुजलेल्या पेशींत शिरतं, फार खारट असेल तर झोंबतं. निनादनं शेवंतीला पंखांसकट टॉवेलात गुंडाळलं. मी त्याला सांगितलं, "छाती दाबू नकोस." मुलांनो, हे नीट लक्षात ठेवा. आपल्या छातीखाली श्वासाचा पडदा असतो, पक्ष्यांना तसा पडदा नसतो. त्यांच्या छातीचं हाड खालीवर हलतं तेव्हाच हवा आत-बाहेर होते. ते हाड घट्ट धरलं तर पक्षी आपल्या हातातच गुदमरतो.

मग मिठाच्या पाण्याची धार हळूहळू सोडून भुशाचा कण न् कण काढला. चोळलं नाही, ओढलं नाही. आता दिसलं की भाग गुलाबी-लाल आहे, कुठं फाटलेला नाही, आत कडक अंडंही लागत नाही. आत अंडं अडकलेलं असतं तर मी बोटही लावलं नसतं. ते आत फुटलं तर कवचाचे तुकडे नळी फाडतात.

पण भाग इतका सुजला होता की आत जाणार कसा? तेव्हा सईला मी स्वयंपाकघरातून साखर आणायला सांगितली. ती चकितच झाली. थोड्या पाण्यात साखर कालवून दाट लगदा केला आणि तो सुजलेल्या भागावर दहा-पंधरा मिनिटं धरून ठेवला. हळूहळू त्यातून पाणी ठिबकायला लागलं आणि सूज डोळ्यांदेखत उतरली! यात जादू नाही. पेशीच्या पातळ पडद्याच्या एका बाजूला पाक दाट असला की दुसऱ्या बाजूचं पाणी तिकडे ओढलं जातं. याला परासरण म्हणतात. मीठ लावलेल्या काकडीच्या फोडींना पाणी सुटतं तेही यामुळंच. गाईचं अंग बाहेर येतं तेव्हा जनावरांचे डॉक्टरही साखर वापरतात.

साखर धुऊन काढली. हातमोजे घातले, त्यावर औषधाच्या दुकानात मिळणारी पाण्यात विरघळणारी जेली लावली. बोटानं मधला भाग आधी, मग कडा, असं हळूहळू आत सारलं. शेवंतीनं जोर केला की मी थांबायचो, ती सैल पडली की पुन्हा सारायचो. भाग आत गेला. बोट दारावर काही मिनिटं तसंच हलकं धरून ठेवलं. निनादच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं.

डॉक्टर आले, त्यांनी तिला तपासलं, वेदना कमी करणारं आणि जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून औषध दिलं. ते म्हणाले, माणसांची दुखरेपणा घालवणारी मलमं पक्ष्यांना लावू नका, बधिर करणारं औषध त्यांना फार लवकर बाधतं. आम्ही तिला कोरड्या खोक्यात स्वच्छ टॉवेलावर ठेवलं. भुसा नाही आणि तळं नाही. पण पिण्याचं पाणी इतकं खोल दिलं की चोच आणि नाकपुड्या बुडवून धुता येतील. बदकाला तेवढं लागतंच.

आणि दुसऱ्या सकाळी शेवंतीनं अंडं घातलं आणि अंग पुन्हा बाहेर आलं!

"आता काय, आजोबा?" निनादनं विचारलं. खरा प्रश्न तिथं सुरू झाला. भाग आत ढकलणं ही अर्धीच गोष्ट. दुखावलेली नळी बरी व्हायला तिला विसावा हवा, आणि शेवंतीचं शरीर तर दुसरं अंडं, तिसरं अंडं तयारच करत होतं. मी निनादच्या खुराड्यात वाकून पाहिलं. छपराखाली एक पांढरा दिवा भक्क जळत होता. मुंगसाच्या भीतीनं तो रात्रभर चालू असायचा.

मुलांनो, या दिव्याची गोष्ट ऐका. झाक बन्वा नावाचे फ्रेंच शास्त्रज्ञ 1930 च्या दशकात बदकांवर प्रयोग करत होते. दिवस मोठा केला की बदकांची प्रजननेंद्रियं वाढतात हे त्यांना दिसलं. मग त्यांनी पाहिलं की दृष्टी नसलेल्या बदकांतही हे घडतं. उजेड डोळ्यांतून जात नसेल तर कुठून जातो? डोक्याच्या कवटीतून! पक्ष्याची कवटी पातळ असते, तिच्यातून शिरलेला उजेड मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागापर्यंत पोचतो. तिथल्या पेशी उजेड ओळखतात आणि शरीराला सांगतात, दिवस मोठा झाला, पिलांचा मोसम आला, अंडी घाला. निनादचा दिवा शेवंतीच्या मेंदूला रात्रभर हाच निरोप देत होता.

आता तिच्या शरीरावरचा भार बघा. पाळीव बदकं, मस्कोव्ही सोडून, सगळी मॅलार्ड या रानबदकाची वंशज. रानातली मॅलार्ड बदकीण एका खेपेला साधारण 8 ते 13 अंडी घालते आणि उबवायला बसते. खाकी कॅम्पबेल ही जात इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरच्या अ‍ॅडेल कॅम्पबेल या बाईंनी एकोणिसावं शतक सरून विसावं लागताना तयार केली. चांगली बदकीण वर्षाला 300 च्या आसपास अंडी देते. आणि तीही एकाच अंडाशयाच्या आणि एकाच अंडवाहिनीच्या जोरावर. पक्ष्यांत सहसा डावीच बाजू कामाची असते, उजवी अंड्यातल्या पिलातच खुंटते.

प्रत्येक कवचासाठी कॅल्शियम लागतं. कोंबडीचा हिशेब आपल्याला नीट माहीत आहे. एका कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम, आणि तिच्या सगळ्या सांगाड्यात साधारण 20 ग्रॅम! म्हणून अंडी घालण्याआधी माद्यांच्या हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा जादा साठा तयार होतो. खाण्यातलं कॅल्शियम कमी पडलं की तो वापरला जातो. तेही संपत आलं तर फटका फक्त कवचाला बसत नाही. स्नायू आवळायलाही कॅल्शियमच लागतं. अंडं बाहेर ढकलणारे आणि नळी परत आत घेणारे स्नायू दुबळे पडतात. त्यात वजन जास्त असेल, अंडं मोठं असेल, नर सतत मागे लागत असेल, तर नळी बाहेरच राहते.

डॉक्टर पुन्हा आले. आत अंडं नाही याची खात्री करून त्यांनी दाराभोवती एक टाका घातला, विष्ठा जाईल इतपत सैल आणि अंडं यायची वेळ झाली की सोडता येईल असा. आणि आम्ही दिवा बंद केला. मुंगसासाठी बारीक जाळी ठोकली. शेवंतीला रोज आठ तासच उजेड, बाकी अंधार. अंडी देणाऱ्या बदकांचं भरगच्च खाद्य थोडं कमी केलं, पण शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवला. अंडी लगेच थांबली नाहीत. अंडाशयात वाढत असलेले बलक आधी संपायचे होते. मग मात्र अंडी थांबली, टाका काढला, आणि नळी आतच राहिली. काही बदकांना एवढ्यानं उतार पडत नाही, त्यांच्यासाठी अंडी थांबवणारी संप्रेरकांची औषधं डॉक्टर देऊ शकतात.

सगळ्याच शेवंत्या बऱ्या होत नाहीत, हेही सांगायला हवं. भाग काळा पडला, फाटला, रक्त थांबेना, आतडं दिसलं, अंडं अडकलं, पुन्हा पुन्हा बाहेर आलं, किंवा बदक खाईना, तर घरी वेळ घालवू नका. मिठाचं पाणी लावून भाग ओला ठेवा, स्वच्छ ओल्या फडक्यात झाका आणि थेट दवाखाना गाठा. आपला घरचा उपचार म्हणजे डॉक्टर भेटेपर्यंतचा आधार.

निनादला आता अंडी कमी मिळतात, कारण हिवाळ्यात तो खुराड्यात दिवा लावत नाही. दिवस लहान झाले की शेवंती आपोआप थांबते, पिसं टाकते, नवी पिसं येतात, हाडांतला साठा भरून निघतो. तिच्या शरीराला ही सुट्टी सूर्यानं आखून दिलेली आहे आणि ती हिरावून घ्यायचा हक्क आपल्याला नाही. तुमच्याकडे बदकं असतील तर रोज सकाळी अंडी उचलताना त्यांच्या शेपटीखालीही एक नजर टाका, पक्ष्यांवर उपचार करणारे डॉक्टर कुठं भेटतात ते आजच विचारून ठेवा, आणि वर्षाच्या अंड्यांचा हिशेब मांडताना तिच्या विश्रांतीचे महिने आधी वजा करा.