अल्सर फुटला, तर तासांचा हिशेब का?

कापूस वेचून कंबर धरली की उपाशीपोटीच वेदनाशामक गोळी, हे यवतमाळच्या गावांत सर्रास चालते. अशा गोळ्या वारंवार घेतल्यास जठराला जखम होते. कधी ती आरपार जाते. आम्ल पोटाच्या पोकळीत सांडते, अचानक असह्य कळ येते, पोट लाकडासारखे कडक होते. शस्त्रक्रियेत पोट धुऊन, पोटातलाच चरबीचा पडदा छिद्रावर टाक्यांनी बसवतात.

डेन्मार्कमधील २,६६८ रुग्णांच्या २०१३च्या अभ्यासात, दाखल झाल्यानंतर शस्त्रक्रियेला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिरामागे जगण्याची शक्यता सरासरी २.४ टक्क्यांनी घटलेली दिसली. वणी-झरीहून यवतमाळचे शासकीय रुग्णालय गाठण्यातले तास त्यात धरलेलेच नाहीत. 'गॅस असेल' म्हणत सोडा पिऊन काढलेली रात्रही नाही.