ठासणीच्या बंदुकीची घरगुती निगा

पिकें राखण्यासाठीं ज्या शेतकरीबंधूंजवळ परवान्याची ठासणीची बंदूक आहे, त्यांच्या नजरेस आम्ही एक गोष्ट आणूं इच्छितों. अशी बंदूक वापरानें थोडी बिघडते, हेळसांडीनें फार. बार उडविल्यावर नळींत थोडें तेल सोडून ती खुंटीस टांगणें, ही रीत पुष्कळ ठिकाणीं दिसते. परंतु नळीचा खरा शत्रु तेलानें जात नाहीं.

काळ्या दारूंत सुमारें तीन चतुर्थांश सोरा असून बाकी कोळसा व गंधक असतो. बार उडतांना तिचा निम्म्याहून अधिक भाग क्षारांच्या रूपानें उरतो. त्यांतील कांहीं धुराबरोबर जातो व कांहीं नळीस चिकटतो. हे क्षार हवेंतील ओलावा ओढून घेतात व लोखंड गंजूं लागतें. ते पाण्यांत विरघळतात, तेलांत विरघळत नाहींत. म्हणून वरून तेल दिल्यास गंज झांकतो, थांबत नाहीं.

प्रथम बंदूक रिकामी आहे याची खात्री करावी. नळी रिकामी असतां गज तळापर्यंत घालून तोंडाशीं त्यावर खूण करून ठेवावी. पुढें ही खूण नळीबाहेर वर राहिल्यास आंत बार आहे असें समजावें. तपासतांना टोपी काढलेली असावी व तोंड कोणाकडेहि नसावें. अडकलेला बार घरीं उकरूं नये.

बार उडविला त्याच दिवशीं गजास चिंधी गुंडाळून कढत पाण्यानें नळी धुवावी. चिंधी स्वच्छ निघेपर्यंत पाणी बदलावें. ज्या बोंडावर टोपी बसते त्याचें छिद्रहि मोकळें करावें. कढत पाण्यानें लोखंड तापतें व लवकर सुकतें. नंतर कोरड्या चिंध्या फिरवून शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्यावा. दुसऱ्या दिवशीं चिंधीस तांबूस डाग आल्यास पुन्हां धुवावें. पुढील बारापूर्वीं नळींतील तेल पुसून काढावें.

लांकडी दस्त्यास जवसाचें तेल उत्तम. तें हवेंत सुकून कठीण होतें. याच गुणामुळें तें घोड्याच्या व चापाच्या कळींत घालूं नये, कळ चिकटते. त्या तेलाच्या चिंध्यांचा ढीग आपोआप तापून पेट घेऊं शकतो. त्या पाण्यांत भिजवाव्या. कडब्याजवळ टाकूं नयेत.

घरचें काम येथें संपतें. नळीस चीर वा फुगवटा दिसला, बूड सैल झालें, किंवा अर्धा चढविलेला घोडा टिकेनासा झाला, तर बंदूक वापरूं नये. परवानाधारक कारागिराकडे न्यावी. अशी नळी हातांत फुटल्यास बोटें व डोळे जातात. शस्त्र अधिनियम, १९५९ याचें कलम ५ दुरुस्ती व फेरबदलासंबंधीं आणि कलम ६ नळी आखूड करण्यासंबंधीं आहे. परवान्यावांचून हीं कामें करणें गुन्हा होय. तसेंच बंदुकीचा परवाना म्हणजे रानडुकराच्या शिकारीची परवानगी नव्हे. त्यासाठीं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ पाहावा लागतो.

कढत पाणी, चार चिंध्या व थोडें तेल एवढाच हा खर्च आहे. तो टाळणाऱ्यास ऐन सुगींत राखणीच्या रात्रीं गंजलेली नळी हातीं येते.