उद्याच्या कॅमेऱ्यासाठी आज लेन्स घ्यावी काय?

दिवाळीनंतर घोटावड्याहून आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील आम्हांस भेटावयास आले. भाताच्या पैशांतून त्यांनी मुलास एक साधा डिजिटल कॅमेरा घेऊन दिला होता. आता दुकानदाराचे म्हणणे असे की, लेन्स घ्यावयाची तर फुल फ्रेमचीच घ्या, पुढे मोठा कॅमेरा घ्याल तेव्हा ती वाया जाणार नाही. लेन्सची किंमत मात्र कॅमेऱ्याहून अधिक! हा सल्ला मानावा काय, असा त्यांचा प्रश्न होता.

प्रथम मूळ गोष्ट पाहू. कॅमेऱ्यात पूर्वी जेथे फिल्म असे, तेथे आता सेन्सर असतो. १९२५ साली विक्रीस आलेल्या लायका कॅमेऱ्याने ३६ बाय २४ मिलिमीटर हे फिल्मचित्राचे माप रूढ केले. त्याच मापाच्या सेन्सरास फुल फ्रेम म्हणतात. क्रॉप सेन्सर बहुधा २४ बाय १६ मिलिमीटरच्या आसपास असतो. लेन्स तीच, परंतु लहान सेन्सर तिच्या चित्राचा मधलाच भाग टिपतो. खिडकी अर्धी लोटली तर अंगण काही लहान होत नाही, दिसते मात्र कमी, तसेच हे. म्हणून ५० मिलिमीटरची लेन्स येथे सुमारे ७५ च्या लेन्सइतकेच दृश्य दाखविते.

दुकानदाराचा सल्ला फसतो तो येथेच. २४ ते ७० ची नावाजलेली फुल फ्रेम लेन्स क्रॉप सेन्सरवर ३६ ते १०५ सारखी वागते. ताम्हिणीची दरी अथवा भातलावणीचे सबंध खाचर तीत मावावयाचे नाही. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८ ते ५५ ची स्वस्त लेन्स ते काम बिनबोभाट करते. याहून विस्तृत देखावा हवा असल्यास क्रॉप सेन्सरसाठीच बनविलेली १० ते १८ सारखी लेन्स घ्यावी, व मोठा कॅमेरा येईल तेव्हा विकून टाकावी. निकॉनची अशी लेन्स फुल फ्रेमवर बसते खरी, पण सेन्सरचा मधला भागच कामी येऊन २४ मेगापिक्सेलांचे सुमारे १० उरतात.

शिवाय उद्याचा कॅमेरा कोणता, हे आज कोणी सांगावे? २०१८ साली निकॉन व कॅनन या दोघांनीही आरशाविना चालणारे फुल फ्रेम कॅमेरे काढले, तेव्हा लेन्स बसविण्याचे माउंटच बदलले. जुन्या लेन्सना त्यांवर ॲडॅप्टर लागतो.

तथापि ५० मिलिमीटर, एफ १.८ ही लेन्स यास अपवाद होय. ती फुल फ्रेमची असूनही स्वस्त, आणि अंधाऱ्या माजघरातही आजीचा चेहरा सुरेख टिपते. पक्ष्यांची आवड असेल तर ७० ते ३०० ची लेन्सही दोन्हीकडे उपयोगी पडेल.

आणखी एक गोष्ट, मुळशीच्या पावसाची. आमची एक लेन्स 'पुढे लागेल' म्हणून दोन पावसाळे चामड्याच्या पिशवीत पडून राहिली. काढून पाहतो तो काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी!

त्या गृहस्थांनी अखेर ५० ची लेन्स, एक हवाबंद डबा व सिलिका जेलच्या पुड्या घेतल्या. उरलेले पैसे त्यांनी पुढच्या हंगामाच्या बियाण्यासाठी राखून ठेविले.