मॉनिटर बिघडला की मेळ बिघडला?

महिन्याची १९ तारीख. दुसऱ्या दिवशी जीएसटीचे ३बी विवरणपत्र भरण्याची मुदत संपणार. पेढीवरचे दिवाणजी सकाळी लॅपटॉप उघडतात, तेव्हा रात्रीतून त्याचा अपडेट पूर्ण झालेला असतो. शेजारचा सत्तावीस इंची मॉनिटर नेहमीप्रमाणे उजळतो. परंतु खरेदीच्या नोंदी वरखाली सरकवू लागताच ओळी उड्या मारत पुढे जातात. माउसचा बाण हाताच्या मागे रेंगाळतो. एका ओळीत टाकायची रक्कम खालच्या ओळीत पडते. दोनदा असे झाल्यावर दिवाणजी आधी चष्मा पुसतात, मग मॉनिटरची काच पुसतात.

‘‘मॉनिटर गेला. नवा मागवून घ्या,’’ शेठजी गादीवरून सांगतात.

‘‘बाबा, दुपारपर्यंत थांबू या,’’ सूनबाई म्हणतात. ‘‘काल रात्रीपर्यंत तो उत्तम चालत होता. बदलला आहे तो लॅपटॉप.’’

अशी सकाळ आता अनेक पेढ्यांवर आणि घरांत उगवते. अपडेटनंतर बाहेरचा मॉनिटर अडखळू लागतो, मध्येच काळा पडतो किंवा चित्र थरथरते. अशा वेळी दोष मॉनिटरच्या माथी मारून नवी खरेदी करणे सोपे वाटते. बहुतेक वेळा मात्र मॉनिटर धडधाकट असतो. लॅपटॉप, केबल आणि मॉनिटर या तिघांतील मेळ तेवढा सुटलेला असतो.

सेकंदाला साठ चित्रे

पडद्यावरचे चित्र स्थिर दिसते, तरी ते सतत नव्याने रेखाटले जात असते. एका सेकंदात ते किती वेळा रेखाटले जाते, त्या संख्येला रिफ्रेश रेट म्हणतात आणि तो हर्ट्झमध्ये मोजतात. कार्यालयीन मॉनिटर सामान्यतः ६० हर्ट्झवर चालतो. म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी नवे चित्र येते. हाच दर ३० वर आला की दोन चित्रांमधील अंतर ३३.३ मिलिसेकंद होते. स्थिर पानावर हा फरक जाणवत नाही. नोंदी सरकवताना मात्र डोळा ओळ शोधत राहतो, आणि दिवसभर आकड्यांत बुडालेल्या माणसाला त्याचा थकवा येतो. नजर आणि हात यांचा ताल चुकला की नोंदही चुकते. हिशेबाच्या कामात खरी हानी ती होय.

बिटांचा जमाखर्च

दर का घसरतो, हे साध्या गुणाकाराने समजते. ४के मॉनिटरवर आडवे ३,८४० आणि उभे २,१६० असे एकूण ८२,९४,४०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी २४ बिट लागतात. सेकंदाला ६० चित्रे पाठवायची, तर सुमारे १,१९४ कोटी बिटांची वाहतूक दर सेकंदाला करावी लागते.

आता वाट किती रुंद आहे ते पाहावे. २००९ साली आलेल्या एचडीएमआय १.४ या मानकाच्या वाटेने चित्राची जास्तीत जास्त ८१६ कोटी बिट माहिती दर सेकंदाला जाऊ शकते. ४केचे ६० हर्ट्झ त्यात मावत नाहीत. ३० हर्ट्झचे सुमारे ५९७ कोटी मावतात. २०१३ सालच्या एचडीएमआय २.०ची क्षमता १,४४० कोटी असल्याने तेथे ६० हर्ट्झ मावतात. अनेक स्वस्त यूएसबी-सी हब आजही जुन्या क्षमतेचेच असतात. मॉनिटर कितीही उत्तम असो, वाटेतील सर्वांत अरुंद दुवा दर ठरवतो.

पेढीवर नेमके हेच घडलेले असते. मॉनिटर ४के, पण अपडेटपूर्वी तो १,९२० बाय १,०८० या मांडणीवर ६० हर्ट्झने चालत होता. त्याला जेमतेम २९९ कोटी बिट पुरत. अपडेटने मांडणी आपणहून ‘शिफारस केलेल्या’ पूर्ण ४केवर नेली. अक्षरे रेखीव झाली, पण हबची वाट अपुरी पडली आणि दर निमूटपणे ३० वर उतरला.

अपडेट आणखी काय बदलतो?

मांडणी पुनश्च मूळपदावर जाणे हे एक कारण झाले. दुसरे कारण ड्रायव्हर. चित्र निर्माण करणाऱ्या चिपशी संवाद साधणारी ही आज्ञावली अपडेटमध्ये बदलते. कधी उत्पादकाच्या ड्रायव्हरऐवजी विंडोजचा प्राथमिक ड्रायव्हर कामाला लागतो आणि दर निवडण्याची सोयच नाहीशी होते. तिसरे कारण ओळखपत्राचे. प्रत्येक मॉनिटर आपल्याला काय पेलते याची छोटी यादी लॅपटॉपला देतो. तिला ईडीआयडी म्हणतात. नव्या प्रणालीने ती यादी नीट वाचली नाही, तर ती सावधपणे कमी दर निवडते.

याचे ठळक उदाहरण नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या मॅकओएस बिग सर या प्रणालीचे आहे. आधी १४४ हर्ट्झवर चालणारे काही ४के मॉनिटर त्या अपडेटनंतर ९५ किंवा ६० हर्ट्झवर येऊन थांबले. मॉनिटर तेच, केबल तीच. चित्र आवळून पाठवण्याच्या डीएससी या पद्धतीची जुळणी तेवढी बिघडली होती. काहींनी मॉनिटरच्या मेनूत डिस्प्लेपोर्ट १.४ऐवजी जुने १.२ निवडले, तेव्हा दर वाढला. नवे मॉनिटर घेऊन त्यांचा प्रश्न सुटला नसता.

तपासणीचा क्रम

ताळेबंदात फरक आला की जाणता हिशेबनीस आधी अलीकडची नोंद पाहतो आणि एकेक पायरी मागे जातो. येथेही एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे दोष कोठे होता ते कळते.

१. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले आणि अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले या क्रमाने जावे. तेथे बाहेरचा मॉनिटर निवडून दर पाहावा व यादीत ६० असल्यास तो निवडावा. मॅकवर ही सोय सिस्टम सेटिंग्जमधील डिस्प्लेज विभागात असते. ५९.९४ असा आकडा दिसला तर चिंता नको. तो ६०च्या जोडीचाच प्रचलित दर आहे.

२. दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दाखवणारी ‘डुप्लिकेट’ पद्धत सुरू झाली आहे का, ते पाहावे. त्या पद्धतीत दोन्ही पडद्यांना पेलेल अशी तडजोड केली जाते. विंडोज कळ आणि पी एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडावे.

३. मॉनिटर बंद करून त्याची वीजतार काही मिनिटे काढून ठेवावी, लॅपटॉप पुन्हा सुरू करावा आणि केबल नव्याने जोडावी. दोघांची ओळख पुन्हा होते.

४. हब वगळून केबल थेट लॅपटॉपला लावावी. शक्य असल्यास दुसरी केबल वापरून पाहावी. ४के ६० हर्ट्झसाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’ असे प्रमाणित एचडीएमआय केबल योग्य.

५. एवढ्यानेही न सुटल्यास डिव्हाइस मॅनेजरमधून पूर्वीचा ड्रायव्हर परत आणावा, किंवा लॅपटॉप-उत्पादकाच्या अधिकृत ठिकाणाहून नवा घ्यावा. अनोळखी ठिकाणचा ड्रायव्हर घेऊ नये. ‘दुरुस्त करून देतो’ म्हणणाऱ्या अपरिचिताला दूरध्वनीवरून लॅपटॉपचा ताबा तर मुळीच देऊ नये; त्यात पेढीचे बँक-व्यवहार असतात.

दुसऱ्या लॅपटॉपला जोडूनही तोच मॉनिटर तसाच अडखळला, तर मात्र संशय मॉनिटरवर घेणे रास्त ठरते.

मुदतीआधी अपडेट नको

अपडेट कायमचे बंद करणे हा उपाय नव्हे. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात. मात्र ११ आणि २० तारखेच्या तोंडावर विंडोज अपडेटमध्ये ‘पॉज’ ही सोय वापरता येते. अपडेटपूर्वी हिशेबाची प्रत वेगळ्या ठिकाणी घ्यावी. मॉनिटरची मांडणी, दर आणि केबल कोणत्या खाचेत आहे, एवढ्या तीन गोष्टी कागदावर टिपून ठेवल्या तर पुढच्या वेळी शोधाशोध वाचते.

पेढीवर सूनबाई दुपारी मांडणी पुन्हा १,९२० बाय १,०८० करतात. दराच्या यादीत ६० दिसू लागते. ओळी शांतपणे सरकू लागतात. दिवाणजी सकाळच्या सर्व नोंदी बिलांशी पडताळतात, तेव्हा खालच्या ओळीत पडलेली आणखी एक रक्कम सापडते. ती दुरुस्त होते आणि विवरणपत्र वेळेत जाते. पुढच्या आठवड्यात हब बाजूला ठेवून लॅपटॉपच्या स्वतःच्या एचडीएमआय २.० खाचेत नवी केबल बसते, आणि तोच मॉनिटर ४केवर ६० हर्ट्झने चालू लागतो. त्या महिन्याच्या खर्चात नवा मॉनिटर नसतो; एक केबल असते.