लघुमूर्तींच्या चेहऱ्याचा रंग : काही समज आणि वस्तुस्थिती

सुमारे 54 मिलिमीटर उंचीची, म्हणजे माणसाच्या साधारण बत्तिसाव्या हिश्शाएवढी, लघुमूर्ती हे या कलेतील एक प्रमाण मानले जाते आणि ते रूढ होण्यामागे 1893 मध्ये विल्यम ब्रिटन यांच्या इंग्लंडमधील कारखान्याने ओतायला घेतलेल्या पोकळ शिसधातूच्या सैनिकांचा मोठा वाटा आहे. त्यांतील बहुतेक सैनिकांचे चेहरे एकसारखे गुलाबी असत आणि डोळ्यांच्या जागी ठिपके असत. महाराष्ट्रात दिवाळीच्या किल्ल्यावर मांडल्या जाणाऱ्या मातीच्या मावळ्यांचे चेहरेही बव्हंशी असेच एकरंगी असतात. खेळण्याला ते शोभते. मात्र मूर्ती खऱ्या माणसासारखी दिसावी अशी अपेक्षा ठेवून रंगकाम सुरू झाले की या खेळण्यांच्या परंपरेतून आलेल्या काही धारणा आड येतात.

त्वचेचा म्हणून एक ठरावीक रंग असतो आणि तो बाटलीत तयार मिळतो, ही त्यांतील सर्वांत जुनी धारणा होय. अमेरिकेतील क्रेयोला कंपनीने आपल्या एका फिकट खडूला दिलेले ‘फ्लेश’ हे नाव 1962 मध्ये बदलून ‘पीच’ केले, यावरून ती किती खोल रुजली होती हे दिसते. वास्तविक सर्व माणसांच्या त्वचेत रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते; त्या पेशी मेलॅनिन हे द्रव्य किती आणि कोणत्या प्रकारचे बनवतात यावर वर्ण ठरतो आणि त्याखालून रक्ताची लाली डोकावत असते. म्हणून रंग मिसळूनच घडवावा लागतो. स्वीडिश चित्रकार अँडर्स झॉर्न पांढरा, यलो ऑकर, व्हर्मिलियन आणि काळा एवढ्या मोजक्या रंगांतून व्यक्तिचित्रे साकारण्यासाठी प्रसिद्ध आहेत. सावळ्या वर्णाच्या मूर्तीसाठी यलो ऑकरला बर्न्ट सिएना व बर्न्ट अंबर या तांबूस आणि काळपट तपकिरी मातीरंगांची जोड दिली, तर बहुतेक छटा हाती येतात.

चेहऱ्यावर हिरव्या-निळ्या रंगाला स्थान नाही, असेही सहज मानले जाते. चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने सहा शतकांपूर्वी लिहिलेल्या हस्तपुस्तिकेत मात्र चेहऱ्याच्या खाली हिरव्या मातीचा तळरंग द्यावा आणि त्यावर गुलाबी थर चढवावेत, असे सांगितले आहे. तळरंग म्हणजे अंतिम रंगाच्या खालून अंशतः दिसत राहणारा पहिला थर. हिरवा हा लालचा विरोधी रंग असल्याने सावलीतील त्वचा त्यामुळे शांत आणि थंड दिसते, आणि वरचे थर झिजलेल्या जुन्या इटालियन फलकचित्रांत हा हिरवेपणा आजही उघडा पडलेला आढळतो. याच विचाराला धरून अनेक रंगकर्मी चेहऱ्याचे तीन पट्टे कल्पितात : कपाळ किंचित पिवळसर, नाक, गाल व कान तांबूस, आणि पुरुषाच्या हनुवटीभोवती दाढीच्या खुंटांमुळे आलेली निळसर राखाडी झाक. हे पट्टे अतिशय पातळ केलेल्या, पारदर्शक थरांनी द्यावयाचे असतात. ते निरखून पाहिल्याशिवाय ओळखू आले, तर हात जड पडला असे समजावे.

सर्वाधिक नुकसान करणारा समज उजेड आणि सावलीविषयीचा आहे. उजळ करण्यासाठी पांढरा आणि गडद करण्यासाठी काळा मिसळला की झाले, असे वाटते. प्रत्यक्षात पांढऱ्याने त्वचा खडूसारखी, तर काळ्याने मळकट दिसू लागते. खऱ्या त्वचेत प्रकाश, विशेषतः त्यातील लाल भाग, काही अंतर आत शिरून विखुरतो आणि परत बाहेर येतो, त्यामुळे उजेड आणि सावली जिथे भेटतात ती कड उबदार भासते. मूर्तीवरील रंगाचा थर इतका पातळ व अपारदर्शक असतो की ही क्रिया त्यात आपोआप घडत नाही, ती रंगवूनच दाखवावी लागते. म्हणून सावलीकडे जाताना तांबूस तपकिरी वापरतात आणि उजेडाकडे जाताना पांढऱ्यासोबत थोडा पिवळा किंवा नारिंगी ठेवतात. गडद वर्णाच्या बाबतीत तर केवळ पांढरा मिसळणे म्हणजे चेहऱ्यावर राख फासणे होय. त्वचेच्या पृष्ठभागावरून उसळणारी चकाकी सर्व वर्णांत जवळजवळ सारखीच असते, पण आत शिरून परतणारा प्रकाश गडद त्वचेत कमी असल्यामुळे ती चकाकी तेथे अधिक ठळक उठते आणि उजेडाचाच रंग घेते. मोकळ्या आकाशाखाली ती निळसर दिसू शकते. तेव्हा अशा चेहऱ्याचा मूळ रंग उबदार ठेवून कपाळ, नाकाचा शेंडा व गालफडे एवढ्याच जागी लहान, तीव्र उजळ ठिपके देणे योग्य ठरते. तळहात मात्र फिकट ठेवायला विसरू नये.

डोळे जितके तपशीलवार, तितका चेहरा जिवंत, या समजाला साधे गणित पुरेसे आहे. माणसाच्या उघड्या डोळ्याची रुंदी सुमारे 30 आणि उंची सुमारे 10 मिलिमीटर असते. बत्तिसाव्या हिश्शात ती अनुक्रमे सुमारे 1 आणि 0.3 मिलिमीटर येते. शिवाय 30 सेंटिमीटरवरून पाहिलेली अशी मूर्ती म्हणजे जवळपास 10 मीटरवर उभा असलेला माणूस, आणि तेवढ्या अंतरावरून डोळ्याचा पांढरा भाग क्वचितच वेगळा जाणवतो. शुभ्र पांढरा भरून मध्ये सुटा काळा ठिपका दिला की मूर्ती दचकल्यासारखी दिसते. फिकट राखाडी वापरावा, बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली जाऊ द्यावा आणि वरच्या पापणीची गडद रेघ खालच्यापेक्षा स्पष्ट ठेवावी. लहान मूर्तींत तर ही एक रेघच पुरते.

याच कामासाठी दोन-चार केसांचा ब्रश हवा, असे नवशिक्यांना वाटते. एवढ्या बारीक ब्रशवर ॲक्रिलिक रंगाचा थेंब मूर्तीपर्यंत पोहोचण्याआधीच वाळतो. त्यापेक्षा टोक अणकुचीदार असलेला, पण पोटात रंग धरून ठेवणारा शून्य किंवा एक क्रमांकाचा ब्रश अधिक नेमका चालतो. त्यासाठी नावाजलेला कोलिन्स्की ब्रश सायबेरियन विझलच्या शेपटीच्या केसांचा असतो. चांगल्या कृत्रिम केसांचे ब्रशही समाधानकारक काम देतात. मुंगसाच्या केसांचे ब्रश मात्र, टोक कितीही चांगले असले, तरी भारतात विकत घेऊ नयेत, कारण त्यांचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 अन्वये गुन्हा आहे.